शेजारचें रान आणि बसचें तिकीट

दरवर्षीं दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली कीं वर्गावर्गांतून एकच प्रश्न ऐकूं येऊं लागतो : यंदा सहल कोठें जाणार ? उत्तरहि बहुधा ठरलेलेंच असतें. एखादें जलक्रीडेचें उद्यान, एखादें दुकानवजा क्रीडागृह, किंवा पांच तास गाडींत बसून पोंचावयाचें एखादें थंड हवेचें ठिकाण. भाड्याची मोटार ठरते, माणशीं वर्गणी ठरते, आणि ज्या घरीं ती वर्गणी जड जाते तेथील मुलास त्या दिवशीं नेमका ताप येतो. हा ताप कसला असतो तें सर्व शिक्षकांस ठाऊक असतें. परंतु त्याविषयीं कोणी बोलत नाहीं.

आमचें मत असें कीं, सहलीसाठीं इतकें दूर जाण्याचें आणि इतका खर्च करण्याचें कारण आपल्या नगरांतील मुलांस तरी मुळींच नाहीं. मिरा-भाईंदर हें साष्टी बेटाच्या उत्तर टोंकास वसलेलें आहे. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस मुंबई महानगर, आणि पूर्वेस व आग्नेयेस डोंगर, अशा त्याच्या चतुःसीमा आहेत. तो डोंगर म्हणजेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान होय. सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें हें रान एका बाजूस मुंबईचीं उपनगरें व दुसऱ्या बाजूस ठाणें यांच्या मधोमध उभें आहे. पूर्वीं यास कृष्णगिरी उपवन म्हणत. पुढें लोक त्यास बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान म्हणूं लागले. आजचें नांव त्यानंतरचें. २०११ सालच्या शिरगणतींत आपल्या नगराची वस्ती आठ लक्षांहून अधिक भरली. इतक्या लोकांपैकीं किती जणांनीं हें रान चालून पाहिलें असेल ? उंच इमारतींच्या गच्चीवरून तें दिसतें. पावसाळ्यांत त्याच्या माथ्यावर ढग उतरतात, उन्हाळ्यांत तें करडें पडतें, हेंहि कोणी कोणी पाहतात. परंतु गच्चीवरून रान दिसणें निराळें आणि तें पायांखालून जाणें निराळें.

आणि तेथें जावयाचें तें सार्वजनिक बसनें, ही आमची दुसरी अट आहे. ज्या पालकांच्या दाराशीं स्वतःची मोटार उभी आहे त्यांस ही अट चमत्कारिक वाटेल. परंतु मोटारीनें रानांत गेलेल्या मनुष्याची स्थिति खुंट्यास बांधलेल्या जनावरासारखी असते. दावें जितकें लांब तितकाच त्याचा फेर. कोठेंहि गेला तरी पुन्हां मोटारीपाशींच यावयाचें. बसनें गेलेला मनुष्य एका गांवीं उतरतो आणि दुसऱ्या गांवीं चढतो. मधली सारी वाट त्याची असते. शिवाय रानाच्या दाराशीं रविवारीं सकाळीं मोटारींची जी रांग लागते, व तिच्या भोंग्यांनीं जो गोंगाट होतो, त्यांत पांखरें ऐकूं येणें दूरच, शेजारचा मनुष्यहि ऐकूं येत नाहीं. बसची आणखी एक मौज आहे. तिच्या बाकावर सर्व मुलें सारखीं. कोणाचा डबा चांदीचा नि कोणाचा जर्मनचा एवढाच काय तो भेद उरतो, आणि रानांत पोंचून भूक लागली म्हणजे तोहि उरत नाहीं.

खर्चाचें म्हणाल तर त्याचा हिशेब असा आहे. राज्य परिवहनाच्या साध्या गाडींत १२ वर्षांखालील मुलांस अर्धें तिकीट पूर्वींपासूनच आहे. २०२२ सालापासून ७५ वर्षांवरील वृद्धांस तिकीट लागत नाहीं, आणि २०२३ सालापासून स्त्रियांसहि अर्धेंच तिकीट पडतें. म्हणजे आजोबा, आई व दोन लहान मुलें अशीं चौघें बोरिवलीहून ठाण्यापर्यंत दीड तिकिटांत जातात. शहरांतील बसगाड्यांचे नियम निराळे आहेत, पण त्यांचें भाडेंहि थोडेंच असतें. वर्गणीमुळें ज्या मुलास ताप येत होता त्याचा ताप या हिशेबानें उतरावा.

आतां वाटांकडे वळूं. सर्वांत मोठी व आमच्या मतें सर्वांत श्रीमंत वाट बोरिवलीकडची. आपल्याकडून महामार्गानें बोरिवलीस जाणारी बस उद्यानाच्या थांब्यावर सोडते. दारापासून कान्हेरीचीं लेणीं सुमारें ६ किलोमीटर दूर आहेत. आंतून लेण्यांपर्यंत जाणारी बसहि असते. लहानांनीं जातांना तिनें जावें, मोठ्या वर्गांनीं चालावें. वाट चढणीची आहे, पण कठीण नाहीं. कान्हेरीस शंभरांहून अधिक लेणीं आहेत. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकाच्या सुमारास त्यांच्या खोदकामास आरंभ झाला आणि सुमारें हजार वर्षें तें चालू राहिलें. तिसऱ्या क्रमांकाचें चैत्यगृह पाहून बहुतेक लोक परत फिरतात. तसें करूं नये. आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही असें सांगूं कीं, मोठ्या मूर्ति पाहून झाल्यावर प्रत्येक लेण्याच्या दाराशीं वांकून पाहा. तेथें बहुधा कातळांत खोदलेलें पाण्याचें टांकें असतें. वरच्या कातळावर पडलेला पाऊस बारीक पन्हळींतून खालीं येऊन या टांक्यांत सांठतो. शिलालेखांत त्यांस पोढी म्हटलें आहे. ज्या डोंगरावर उन्हाळ्यांत ओढे आटतात तेथें भिक्षूंचा एवढा मोठा संघ बारा महिने कसा राहिला, याचें उत्तर या टांक्यांत आहे. आणि हीं टांकीं कोणी दिलीं ? लेखांतून दात्यांचीं गांवें वाचावयास मिळतात. कल्याण, नाशिक, सोपारें. यांतील सोपारें म्हणजे आजचें नालासोपारें, आपल्या भाईंदरहून खाडीच्या पलीकडलें. तेथील व्यापारी खाडी उतरून या डोंगरास येत होते. आज आपण खाडीच्या अलीकडे राहून येत नाहीं !

कान्हेरीच्या वरच्या कातळावर चढून गेलें म्हणजे दक्षिणेकडे दाट झाडींत पाणी चमकतांना दिसतें. तें तुळशीचें तळें. त्याच्याहि पलीकडे विहार. या दोन तळ्यांविषयीं येथें थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे, कारण तळ्याच्या कांठीं जाण्याची हौस सर्वांनाच असते आणि येथें ती हौस आवरावी लागते. विहारच्या तळ्याचें काम १८५६ सालीं सुरू होऊन १८६० सालीं पुरें झालें. मुंबई शहरास नळानें पाणी प्रथम मिळालें तें या तळ्याचें. त्यापूर्वीं तें शहर विहिरींवर व तलावांवर अवलंबून होतें आणि उन्हाळ्यांत त्यांचा तळ दिसूं लागे. पुढें १८७९ सालीं तुळशीचें तळें तयार झालें. आजहि हीं दोन्ही तळीं मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचीं आहेत, व म्हणून त्यांच्या कांठीं कोणास सोडीत नाहींत. आम्हांस हा नियम फार योग्य वाटतो. ज्या तळ्याच्या कांठीं मनुष्य जातो तेथें प्रथम त्याची चटई येते, मागाहून खाऊच्या पिशव्या येतात, आणि शेवटीं त्या पिशव्या तेथेंच राहतात. तुळशीचें पाणी लांबूनच पाहावें. आमच्या नळास येणारें पाणी तेथलें नव्हे. तें उल्हास नदीवरून येतें. परंतु दुसऱ्याच्या घागरींत पाय बुडवूं नये हें समजण्यास ती घागर आपली असावी लागत नाहीं.

या तळ्यांपाशींच मुंबईच्या नद्यांचा उगम आहे. विहार व पवई यांच्या सांडव्यांतून मिठी नदी निघते, दहिसर नदी तुळशीच्या बाजूनें उतरते, पोयसर नदीहि याच डोंगरांत जन्मते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला व मिठीनें शहरांत केवढा अनर्थ केला तें पालकांपैकीं पुष्कळांनीं प्रत्यक्ष पाहिलेंच असेल. त्या पावसाचा कांहीं भाग तरी या रानांतील पालापाचोळ्यानें व मुळांनीं धरून ठेविला. जेथें रान नव्हतें, जेथें पात्र भिंतींनीं आवळलेलें होतें, तेथें धरण्यास कोणीच नव्हतें. भूगोलाच्या पुस्तकांत हें सर्व असतें. परंतु दोन वीत जाडीच्या सुक्या पानांवर पाय पडून तो घोट्यापर्यंत आंत गेला, म्हणजे पुस्तकांतील वाक्य जसें समजतें तसें फळ्यावरून समजत नाहीं.

दुसरी वाट ठाण्याची, आणि बसनें जाण्याचा जो लाभ आम्हीं वर सांगितला तो या वाटेवर पूर्ण मिळतो. काशीमिऱ्याहून घोडबंदर रस्त्यानें ठाण्यास जावें. ठाणें स्थानकाहून तेथील परिवहनाची बस येऊरच्या पठारावर जाते. वर बसनें जावयाचें आणि खालीं पायीं उतरावयाचें, असा क्रम ठेवावा. म्हणजे सातवी-आठवींतील मुलांसहि ही वाट झेपते. साग, ऐन, खैर, कळंब, मोह, काटेसांवर, पळस अशीं झाडें वाटेवर ओळखावयास मिळतात. शिशिरांत सागाचीं पानें गळूं लागलीं म्हणजे त्यांचा आवाज एवढा मोठा होतो कीं कोणी मागून चालत येत आहे असें वाटतें. तांबटाची टकटक दुपारींहि थांबत नाहीं. २०१५ सालीं महाराष्ट्राचें राज्य-फुलपांखरूं म्हणून ज्यास मान मिळाला तें काळें-निळें राणी पांखरूं येथें ओढ्याच्या कडेस दिसतें. त्याच्या पंखांवरील निळा रंग रंगपेटींतील कोणत्याहि निळ्याशीं जुळत नाहीं ; चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनीं खुशाल प्रयत्न करून पाहावा.

कारवीविषयीं मात्र मुलांस आधींच सांगून ठेवावयास हवें. हिच्या सरळ काठ्यांचे कूड करून, त्यांवर शेणमाती लिंपून, वारली लोक आपल्या घरांच्या भिंती उभ्या करीत आले आहेत. ही कारवी सात वर्षें नुसती वाढते आणि आठव्या वर्षीं एकदम सारा उतार जांभळा करून टाकते. मग बीं टाकून मरून जाते. या डोंगरांत ती २०१६ सालीं फुलली, पुन्हां २०२४ सालीं फुलली. म्हणजे पुढची पाळी बहुतेक २०३२ सालची. आज जो मुलगा पांचवींत आहे तो त्या वेळीं शाळा सोडून गेलेला असेल, आणि आज जी मुलगी बालवर्गांत आहे ती तेव्हां मोठ्या वर्गांत बसत असेल. ज्या शाळेंत दर दहा-पंधरा वर्षांनीं अभ्यासक्रम बदलतो, तेथें एवढें नेमकें वेळापत्रक पाळणारी दुसरी कोणती वस्तु दाखवितां येईल ?

उतार संपला कीं उपवनचें तळें लागतें. याच्या कांठीं बसण्यास मनाई नाहीं, फिरण्यास बांधलेली वाट आहे, आणि संध्याकाळीं डोंगराची सांवली पाण्यावर सरकत येते. डबे येथें उघडावेत. तळ्यापासून थोडें चाललें कीं परत जाणारी बस मिळते. अशा रीतीनें रान व तळें हीं दोन्ही एका दिवसांत होतात, व एकहि पाऊल दोनदां पडत नाहीं.

याच घोडबंदर रस्त्यावर, आपल्याच नगराच्या हद्दींत, चेणें गांव आहे. राष्ट्रीय उद्यानांतून उतरणारी चेण्याची नदी येथें खाडीस मिळते. गांवापर्यंत कोणींहि जावें. तेथून पुढें रानांत शिरावयाचें तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते व ती न घेतां जाऊं नये. उद्यानाच्या बोरिवलीकडील भागांतहि शिलोंडा ओढ्याच्या वाटेस हाच नियम आहे. ती वाट मार्गदर्शकासह चालावी. चेण्याहून पुन्हां बस धरून घोडबंदरच्या फाट्यावर उतरलें, तर गांवांतून चालत किल्ल्यावर जातां येतें. हा किल्ला पोर्तुगीजांनीं बांधला व १७३७ सालीं मराठ्यांनीं घेतला. वर फार वेळ लागत नाहीं. खाडीचें पात्र पाहावें आणि उतरावें.

येथवर वाचून पालक दोन-तीन शंका काढतील हें आम्ही जाणतों. पहिली शंका बिबट्याची. बिबट्या या रानांत आहे, हें खरें. नसता तर तें रान कसलें? परंतु दिवसां, रूढ वाटेनें, बोलत चालणाऱ्या मुलांच्या टोळीच्या वाऱ्यासहि तो उभा राहत नाहीं. सांज होण्यापूर्वीं रानाबाहेर पडावें, लहान मुलांस मध्यें ठेवावें, कोणीं मागें एकटें रेंगाळूं नये, एवढी काळजी पुरते. वस्तीजवळ बिबट्या येतो तो बहुधा कुत्र्यांच्या मागावर येतो, आणि कुत्रीं जमतात तीं आपण टाकलेल्या उष्ट्यावर. तेव्हां बिबट्याची भीति ज्यांस वाटते त्यांनीं प्रथम आपल्या इमारतीच्या मागील उकिरड्याकडे पाहावें. रानांत पिढ्यान् पिढ्या राहणारे वारली लोक वाघोबाचें ठाणें मांडून त्याची पूजा करतात. भीतीबरोबर शेजारधर्महि कसा पाळावा हें त्यांच्याकडून शिकण्यासारखें आहे.

दुसरी शंका पाण्याची, आणि ही आम्हांस पहिलीपेक्षां पुष्कळच खरी वाटते. दर पावसाळ्यांत ठाणें जिल्ह्यांतील ओढे, धबधबे व तळीं यांत तरुण मुलें बुडाल्याच्या वार्ता येतात, व अधिकारी मनाईचे हुकूम काढतात.  शाळेच्या सहली कार्तिकापासून माघापर्यंतच काढाव्या, आणि कोणत्याहि ऋतूंत कोणाचेंहि पाऊल पाण्यांत पडूं नये, असा सक्त नियम असावा. यांत आम्ही तसूभरहि सवलत देण्यास तयार नाहीं.

तिसरी शंका अभ्यासाची. तीस उत्तर देण्यांत आम्ही शाई खर्च करीत नाहीं.

आम्ही ज्यांस रानवाटा म्हणून मोठ्या हौसेनें चालावयास जातों त्या कित्येकांच्या रोजच्या वाटा आहेत, हेंहि मुलांच्या ध्यानीं यावें. गतवर्षीं पौषांत कांहीं मुलांसह आम्ही येऊरहून उतरत असतां, पाठीवर दप्तर घेतलेली एक मुलगी खालून वर येत होती. वय दहा-अकरा असेल. आमच्या मुलांनीं हातांत वह्या धरून एका झाडाभोंवतीं घोळका केला होता. तिनें थांबून विचारलें, “काय बघताय ?” एकानें मोठ्या ऐटीनें सांगितलें, “झाड ओळखतोंय.” ती म्हणाली, “कळंब आहे तो,” आणि वळून न पाहतां पाड्याकडे निघून गेली. आमच्या वह्यांत तोंवर त्यास हेदू लिहून झालें होतें. परत येतांना बसमध्यें मुलांत त्यावरच बोलणें चाललें होतें. या मुलीस रोज किती चालावें लागत असेल, असें एकीनें विचारलें, तेव्हां आम्हांस वाटलें कीं सहलीच्या दीड तिकिटाचें मोल भरून निघालें. ज्यांचें हें घर आहे त्यांच्या अंगणांतून आपण जात आहोंत एवढी जाण ठेवून चालावें. ध्वनिक्षेपकाचीं खोकीं खांद्यावर घेऊन गाणीं वाजवीत रानांत हिंडणारे जे तरुण हल्लीं दिसतात, त्यांस ही जाण कोणीं तरी बालपणींच द्यावयास हवी होती.

या सर्वांविषयीं आम्ही इतक्या आग्रहानें कां लिहीत आहोंत तें आतां सांगतों. जुलै २०२४ मध्यें ठाणें-बोरिवली जोडबोगद्याच्या कामाचें भूमिपूजन झालें. सुमारें १२ किलोमीटरांचा हा मार्ग बहुतेक राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून जावयाचा आहे. आज घोडबंदर रस्त्यानें वळसा घालण्यांत जो तास-सव्वा तास जातो तो त्यामुळें वांचेल, असें सांगतात. आणि ज्यांस रोज तो वळसा घालावा लागतो त्यांच्या हालांची आम्हांस कल्पना आहे. परंतु तो मार्ग झाल्यावर सहस्रावधि लोक दररोज या रानाच्या पोटाखालून जातील आणि त्यांच्या दृष्टीस एक पानहि पडणार नाहीं. त्यांना रान म्हणजे दोन उजेडांमधला एक अंधार, एवढेंच ठाऊक राहील.

दुसरी गोष्ट आपल्या अगदीं अंगणांतली. भाईंदर पश्चिमेहून उत्तन व चौक येथें जाणाऱ्या नगर-परिवहनाच्या बस सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्या वाटेवर डोंगरी गांव लागतें, त्याच्या पाठीशीं टेकडी आहे, आणि पुढें चौकच्या बाजूस धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. १७३९ सालीं वसईच्या मोहिमेंत चिमाजीअप्पांच्या सैन्यानें हें ठाणें घेतलें, तें कां घेतलें हें वर उभें राहून पलीकडे वसईचा किल्ला दिसला कीं कोणासहि समजतें. डोंगरीस उतरावें, गांवांतून चालत चौकपर्यंत जावें, आणि तेथून बसनें परतावें, अशी ही सोपी व सुंदर वाट आहे. या डोंगरीच्या टेकडीवर मेट्रोच्या गाड्यांचें आगार करण्यासाठीं हजारों झाडें तोडण्याचा प्रस्ताव २०२५ सालीं पुढें आला, आणि गांवकऱ्यांनीं त्यास हरकत घेतली. आम्ही स्वतः सार्वजनिक वाहनांचे पक्षपाती आहोंत, हें या लेखावरून दिसतच आहे. मेट्रो नको असें आम्ही म्हणत नाहीं. आगार कोठें तरी करावें लागणार, हेंहि आम्हांस मान्य आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हा वाद ज्यांनीं केला ते बहुतेक सारे त्या टेकडीच्या पायथ्याचे लोक होते. त्यांच्या पायांस ती टेकडी ठाऊक होती. बाकीच्या नगरांत त्याविषयीं फारसा गलका झाल्याचें आम्हांस आढळलें नाहीं. ज्यांनीं ती टेकडी नकाशावरील एक हिरवा डाग म्हणूनच पाहिली, त्यांनीं काय म्हणून बोलावें ? दहा वर्षांनीं अशाच प्रश्नांवर मत देण्याची पाळी आज आमच्या बाकांवर बसलेल्या मुलांवर येणार आहे. त्यांनीं आगाराच्या बाजूनें मत द्यावें कीं टेकडीच्या बाजूनें, हें आम्ही आज त्यांस शिकवूं इच्छीत नाहीं. पण मत देतांना त्यांच्या डोळ्यांपुढें नुसता डाग नसावा.

म्हणून शाळेपुढें आम्ही एक मागणी ठेवतों. वर्षाकांठीं एक मोठी, खर्चाची सहल काढण्याऐवजीं दर सत्रांत प्रत्येक वर्गाची एक पायवाटेची सहल सार्वजनिक बसनें काढावी. पांचवी-सहावीस उत्तन व डोंगरी, सातवी-आठवीस येऊर व उपवन, त्यांपुढील वर्गांस कान्हेरी, असा क्रम आम्हांस योग्य वाटतो. साऱ्या शाळेनें एकाच बसवर तुटून पडूं नये. एका वेळीं एकच तुकडी न्यावी, आणि आधीं आगारांत जाऊन सांगून ठेवावें, म्हणजे कामावर जाणाऱ्या लोकांची अडचण होत नाहीं. नगर-परिवहनास आमची विनंती अशी कीं, जेथून या वाटा सुटतात त्या थांब्यांवर शेवटच्या बसची वेळ ठळक मराठी अक्षरांत लिहून ठेवावी. मुलांसह रानांतून उतरून आलेल्या आईस सर्वांत मोठी काळजी बिबट्याची नसते. शेवटची गाडी गेली कीं काय याची असते. रविवारीं सकाळीं एखादी गाडी लौकर सुटेल तर फारच उत्तम. पांखरें नऊ वाजेपर्यंत आमची वाट पाहत बसत नाहींत.

पालकांनीं मात्र शाळेच्या सहलीची वाट न पाहतां एखाद्या रविवारीं स्वतः आरंभ करावा. पाण्याच्या बाटल्या, भाकरी-चटणीचा डबा, जुने मजबूत बूट, आणि कचरा परत आणण्यासाठीं एक पिशवी, एवढें सामान पुरे. सुटे पैसे जवळ ठेवावे, वाहकाशीं वाद घालूं नये. आणि राष्ट्रीय उद्यान सोमवारीं बंद असतें. तेव्हां शाळेस मिळालेली सुटी सोमवारची असेल तर उत्तनची बस धरावी.